अनावश्यक मजकूर

आमचे हे ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच गेले. मुलगा परदेशात. त्याने मला फोनमध्ये प्रश्नोत्तरांची एक साइट घालून दिली. "आई, तुला एवढं येतं, लोकांना सांग. वेळ जाईल." द्वारका चौकाजवळच्या या फ्लॅटमध्ये वेळ खरंच जाता जात नव्हता.

साइटवर लोक विचारत, लोणच्याला बुरशी का येते, इडलीचं पीठ का फुगत नाही. मी उत्तर लिहायची, पण आधी "नमस्कार, जेवण झालं का?" असं विचारून. आमच्याकडे बोलायला सुरुवात तिथूनच होते. दुसऱ्या दिवशी बघावं तर ते वाक्य गायब आणि खाली शेरा: 'अनावश्यक मजकूर काढला.' माझा पाराच चढला. इडली आवश्यक आणि माणसाची चौकशी अनावश्यक? पण नियमच तसा होता. नमस्कार नको, आभार नकोत, कामापुरतं बोला. मीही शिकले. उत्तरं कोरडी झाली तसे गुण भराभर वाढले, नावापुढे सोनेरी बिल्ला लागला. साइटच्या भाषेत याला प्रतिष्ठा म्हणतात. समोरच्या दारातल्या बाईंना माझं आडनावही माहीत नाही.

मागच्या थंडीत तापाने पडले. मुलाला उगाच घोर नको म्हणून फोनवर "मजेत आहे" म्हणत राहिले. बरं वाटल्यावर साइट उघडली, तर मी अंथरुणावर असतानाही गुण वाढलेलेच. जुन्या उत्तरांना लोक मतं देत होते. माझ्यावाचून माझ्या प्रतिष्ठेचं काही अडलं नव्हतं. डोंबलाची प्रतिष्ठा! मला रडू फुटलं.

डोळे पुसले, तेव्हा फोनच्या सूचनांमध्ये एक ओळ दिसली. चांदवडच्या एका मुलीचं फसफसलेलं लोणचं मी कधीतरी वाचवलं होतं. त्याच उत्तराखाली तिने लिहिलं होतं, "मावशी, लय दिवस दिसल्या नाय. बऱ्या हाय ना?" मी घाईने त्यावर बोट ठेवलं. पान उघडलं, पण ओळ तिथे नव्हती. नेहमीचा शेरा तेवढा होता.

तिला खाजगीत लिहायची सोय नाही. मग त्याच उत्तराच्या शेवटी, मीठ-तेलाच्या प्रमाणाखाली मी लिहिलं, "आता बरी आहे गं. तू जेवलीस का?"

सकाळी ते पुसलेलं होतं. पुन्हा असं केल्यास गुण कापले जातील, असा इशाराही होता. कापा म्हटलं, आणि परत लिहिलं.