ओटी भरल्यावर

मार्केट यार्डाच्या मागे मसाल्याच्या पुड्या भरायचे आमचे काम. दिवसभर उभ्याने. बसायला स्टूल मागायचे, एवढेच आम्ही बायकांनी ठरवले होते. आमच्यातल्या एकीला सातवा महिना होता, संध्याकाळपर्यंत तिचे पाय टम्म सुजत. "असंच चाललं तर काम सोडावं लागंल," ती म्हणायची, आणि तिचा नवरा तर घरीच बसलेला. बोलायचे मी, असे ठरले. मी कुणाशी भांडत नाही म्हणून. भांडी घासताना मी वाक्य पाठ केले.

बोलायचे आहे असा निरोप धाडला, तर मालकीणबाईंनी आम्हाला वर घरी बोलावले. संक्रांत नुकतीच झाली होती. गेलो तर सतरंजी घातलेली, तबक तयार. हळदीकुंकू झाले, तिळगूळ दिला. जिला सातवा महिना होता तिची ओटी आधी भरली, मग आमची. "माहेरच समजा हे," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"हं, बोला आता."

पदरात नारळ, तांदूळ. जिने ओटी भरली, तिच्याकडेच लगेच मागायचे? शेजारणीने मला कोपराने ढोसले.

"काही नाही बाई," मी म्हणाले. "सगळं चांगलं आहे."

माझे कान तापले. मग ती पोटुशीच एका हाताने ओटी सांभाळत, दुसरा जमिनीला टेकून उठली.

"बाई, उभं राहून पाय सुजत्यात. स्टूल पायजेत."

"स्टूल कशाला? पलंगच टाकते की."

"पलंगावर पुड्या सांडत्याल."

बाई हसल्या नाहीत. "बरं, तुझ्यापुरतं एक आणते."

"मी एकटी कशी बसू? सगळ्यांना आणा."

"मग चहाची सुट्टी बंद. चहा जागेवरच घ्यायचा."

तिने आमच्याकडे पाहिले. बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ठरले.

जिना उतरताना तिची पिशवी घ्यायला मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली.

ती आता बाळंतपणाला माहेरी, लोणीला गेली आहे. स्टूल आले. बाई आत आल्या तरी बाकीच्या बसूनच पुड्या भरतात. मी मात्र अजून उठून उभी राहते.