सोलेनॉइड तपासायला लावणारी बाई

रोज सकाळी आमच्या फाटकासमोरून पांढरे कॅनव्हासचे बूट घालून एक म्हातारी बाई फिरायला जायची. बोलणं कधी झालं नव्हतं. एका रविवारी मी माझ्या जुन्या गाडीचं बोनेट उघडून उभी होते. गाडी पीयूसीत दोनदा नापास झाली होती आणि घरचे ती भंगारात द्यायला निघाले होते.

बाई थांबली. तिनं वास घेतला.

"पेट्रोलची वाफ सोडते तो सोलेनॉइड पाह्यला का वं?"

बुटीबोरीच्या कारखान्यात आपण उभं आयुष्य असल्याच झडपा तपासल्या, हे तिनंच सांगितलं. मला वाटलं, आता ती तपासेल. तिनं हात पाठीमागे बांधले आणि तो सोलेनॉइड मलाच काढायला लावला.

"नळी लावून फुंक."

मी फुंकलं. हवा आरपार गेली.

"करंट नसताना हे बंद पाहिजे. उघडंच अटकलं. गाडी म्हातारी नाही झाली, बिमार आहे."

दुपारी मी नवा सोलेनॉइड आणला. बॅटरीची तार लावली तेव्हाच तो टक् करून उघडला. मग बसवला. गाडी पास झाली.

पुढच्या सकाळी मी तिला प्रमाणपत्र दाखवून आभार मानू लागले. तिनं ते शाळेच्या निकालासारखं वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मी तं नुसती उभी होती," ती म्हणाली. "हात तुह्ये होते."

तेव्हापासून गाडी कोणी दुरुस्त केली, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, मी केली.