सेफ्टी मॅनेजरचा पगार

"हेल्मेट निकाल और चाय ला."

सेठजी एवढंच बोलले. समोर विमा कंपनीचे दोन साहेब बसले होते. थोड्याच वेळापूर्वी सेठजींनी त्यांना माझी ओळख करून दिली होती, 'ये हमारे सेफ्टी मॅनेजर.' साहेबांनी हातही मिळवला होता. कागदावर सह्या झाल्या, काम संपलं. मी हेल्मेट काढलं आणि चहा आणला. साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

भैंसा गावातल्या एका जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली ही गोष्ट. आंध्राचं राज्य होतं तेव्हाची. मी सालगड्याचा पोरगा, बौद्धवाड्यातला. हैदराबादला हॉटेलात ताटं धुऊन सेफ्टीचा डिप्लोमा केला. नोकरी लागली तेव्हा आईनं वाड्यात घरोघरी साखर वाटली. कापसाला आग लवकर लागते, म्हणून विमावाल्यांनी डिप्लोमावाला माणूस ठेवायची अट घातली होती. अट पाळली गेली. दारावर माझ्या नावाची पाटी लागली, पगार वॉचमनचा.

वर्षभरानं हिंमत करून वाढ मागितली. सिमेंट कारखान्यात याच कामाला काय देतात ते विचारून आलो होतो. त्याच्या निम्मेच मागितले. सेठजी मुनिमाकडे बघून हसले.

"इसका बाप हमारे भाई के खेत में सालगडी था. वो साल भर में जो उठाता था, ये महीने का माँगता है."

मुनीम हसला. दारातला हमालही हसला. तो आमच्याच वाड्यातला, त्याचं हसणं जास्त लागलं. मी मान खाली घालून बाहेर आलो. आजही आठवलं की अंगाची आग होते.

मशीनच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. बाईचा पदर आत जाऊ नये म्हणून. रुई अडकली की जाळी खोला, साफ करा, परत लावा. वेळ जातो. सीझन भरात आला आणि सेठजींनी जाळ्याच काढायला लावल्या. मी मशीन बंद केली.

"तू क्या पैदा करता है? सिर्फ मशीन बंद करता है," ते म्हणाले. माझ्यासमोरच फिटरकडून मशीन चालू करवली.

त्याच आठवड्यात मशीनवर काम करणाऱ्या चंद्रकलामावशीचा पदर पट्ट्यात गेला. पदरामागे हात गेला. कोपरापासून.

फॅक्टरी इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते. सेठजींनी मला आत बोलावलं. खुर्ची दाखवली.

"बैठो. जितना माँगा था, उतना मिलेगा. इसी महीने से. बस बोल देना, जाली लगी थी, बाई ने खुद निकाली."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन राहिलं होतं. घरावरची कवेलू फुटली होती.

तिथून दवाखान्यात गेलो. मावशी आमच्याच गल्लीतली.

"बापू, थे म्हणून राह्यले का मीच जाळी काहाडली. आता तू सांगशीन थेच खरं धरतीन."

एवढंच. रडली नाही, काही मागितलंही नाही. मी तिच्या खाटेपाशी उभा होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जाळी लावा म्हणणाऱ्याला वॉचमनचा पगार. जाळी होती म्हणणाऱ्याला मॅनेजरचा. हा यांचा हिशोब. मला स्वतःचीच शिसारी आली, मग राग आला. राग टिकला.

इन्स्पेक्टरनं तेलुगूत विचारलं, जाळी होती का? सेठ समोरच उभा होता.

"लेदु सार," मी म्हणालो. मग सेठकडे तोंड करून हिंदीत बोललो. "नहीं थी. इन्होंने निकलवाई. मैंने मशीन बंद की थी, इन्होंने चालू करवाई."

संध्याकाळी नोकरी गेली. "जिले में कोई नहीं रखेगा तेरे को," सेठ म्हणाला. कुणी ठेवलंही नाही. मी आता शिकवण्या घेतो.

मावशीच्या भरपाईची केस अजून आदिलाबादला चालू आहे. साक्षीदार मी एकटाच. दर तारखेला सेठचा माणूस कोर्टाच्या फाटकाशी गाठतो आणि नवा आकडा सांगतो. सिमेंट कारखान्याचा पगार त्या आकड्यानं केव्हाच मागे टाकला. वाढवू दे. येत्या तारखेलाही मी त्याला ओलांडून आत जाणार आणि सांगणार, जाळी नव्हती. सेठनं काढली.