मंडळाच्या गाडीची बॅटरी

कशेळ्याच्या नाक्यावरच्या अख्तरुन्निसा चाचीला माणसांची किळस आली ती बॅटऱ्यांपायी. नवऱ्यामागे बॅटरी चार्जिंगचं दुकान तिनेच चालवलं. पावसाळाभर शेडमध्ये कुजलेला ट्रॅक्टर, लग्नापुरता सुरू होणारा जनरेटर, असल्यांच्या बॅटऱ्यांची मढी शेवटी तिच्याच पायरीवर येत. वापरायची नसेल तर वायर सोडून ठेवा, महिन्यातून एकदा चार्जिंगला आणा, हे सांगून तिची जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातही तिला शिसारी होती ती शेजारच्या वाडीतल्या मंडळाच्या रुग्णवाहिकेची. गाडी वर्षभर देवळामागे उभी. दसऱ्याला धुवायची, हार घालायचा, बॅटरीलाही हळदकुंकू वाहायचं, की वर्षाची काळजी मिटली. मंडळाचा अध्यक्ष सदू ती बॅटरी घेऊन आला तेव्हा टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर माजला होता आणि त्यात कुंकू चिकटलेलं होतं.

“सोनालीचे दिवस भरलेत, भाभी,” सदू म्हणाला. सोनाली त्याची सून. “गाडी चालू व्हायलाच पायजे.”

चाचीने झाकणं उघडली आणि ओढणी नाकाला लावली. “पाणी आटल्यावर काय घातलंत?”

“ॲसिड. पाण्यानं पातळ नाय का होत, दुधासारखी?”

“आटतं ते पाणीच, सदूभाऊ. ॲसिड आत तसंच राहतं. तुमी वर आनखी ओतून तिला जाळलीत.”

असल्या माणसाला हाकलून द्यावं असं तिला मनापासून वाटलं. पण सोनालीने काय घोडं मारलं होतं? चाचीने सोड्याच्या गरम पाण्याने थर खरवडला, जादा ॲसिड काढलं, बॅटरीचं पाणी घातलं आणि अगदी कमी करंटवर चार्जिंगला लावली. सदू घाई करू लागला तेव्हा म्हणाली, “उपाशी माणसाच्या तोंडात कोंबतात का?”

दोन दिवसांनी बॅटरीने जीव धरला. गाडीशिवाय कुठेही लावणार नाही, अशी सुनेची शपथ सदूला घ्यायला लावून चाचीने ती दिली.

तरी तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनालीला बघायला म्हणून ती वाडीत गेली. लाइट गेली होती आणि तरीही मांडवात हळदीची गाणी दणाणत होती. स्पीकरच्या वायरीमागे ती चालत गेली. टेबलाखाली तीच बॅटरी होती.

तिने चिमटे उपटले. गाणं बंद पडलं.

“पुतण्याची हळद हाय, भाभी,” सदू म्हणाला. “भावकीला नाय कसं म्हनू? घटकाभराचं तर काम.”

“भावकीचा मान ऱ्हावा म्हनून सुनेचा जीव टांगलात. थुंकायचीसुद्धा लाज वाटते मला तुमच्यावर.” चाचीने बॅटरी ओढून बाहेर काढली. “बसली पुन्हा. भरायला उद्या उजाडंल.”

बायकांच्या घोळक्यातून सोनाली कमरेवर हात ठेवून उठली. घरात गेली आणि बाळंतपणासाठी बांधून ठेवलेली पिशवी घेऊन आली.

“मी चाचीकडं जाते,” ती सासऱ्याला म्हणाली. “नाक्यावर जीप तरी मिळंल.”

सदू खाली वाकून बॅटरी उचलायला गेला.

“ती ऱ्हाऊ दे,” चाची म्हणाली. “पिशवी घ्या सुनेची.”