माझी पुतणी आणि दहावीतली सुनीता

माझ्या पुतणीइतकी छळवादी चांगली मुलगी अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत शोधली तरी दुसरी सापडायची नाही. वाईट माणसांशी कसं वागायचं ते आपल्याला ठाऊक असतं. तोंड फिरवलं की झालं. पण जी मुलगी दळण आणायला जाते आणि गिरणीत बसलेल्या कुणाच्या तरी पोराला त्रैराशिक शिकवून, पिठाचा डबा तिथंच विसरून, तृप्त चेहऱ्यानं घरी येते, तिचं काय करावं? माझी धाकटी जाऊ एक हात कपाळाला लावते आणि दुसऱ्या हातानं लेकीची दृष्ट काढते. मी नुसती बघते. मी मोजकं बोलणारी बाई. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात खाली माझा गणिताचा क्लास आणि वर जावेचा संसार अशी वर्षानुवर्षांची वाटणी आहे, आणि माझ्या पोटात काय चाललंय याचा पत्ता या घरात कधी कुणाला लागलेला नाही. आज सांगून टाकते. माझ्या पोटात या मुलीविषयी मत्सर होता. घरी दळलेला, चांगला जाडाभरडा मत्सर.

झालं असं की ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजनं सगळ्यांना एकेक समाजोपयोगी प्रकल्प करायला सांगितला. बाकीच्या पोरापोरींनी रोपं लावली, रोपांशेजारी उभं राहून फोटो काढले आणि गुण घेतले. रोपं पुढं शेळ्यांनी घेतली. आमच्या बाईसाहेबांनी मात्र शाळेतल्या मुलांसाठी फुकट शिकवणीची वेबसाइट काढली. नाव ठेवलं 'विचार की'. अडलेला प्रश्न मुलांनी तिथं टाकायचा आणि हिनं नाहीतर हिच्या मैत्रिणींनी लिहून, बोलून, चित्रं काढून उत्तर द्यायचं. प्रकल्पाचे गुण मिळाल्यावर मी विचारलं, "संपलं ना एकदाचं?" तर म्हणते कशी, "माझे मार्क मिळाले काकू, पण पोरांचे कुठं मिळालेत अजून?" असलं काही ऐकलं की माणूस निमूटपणे उठून कुकर लावतो.

वेबसाइटपायी तिनं घराचं जे काही केलं ते विचारू नका. आमच्या पेठेत शांतता म्हणून नाही. भाजीवाला गेला की समोरच्या दुकानाचं शटर वाजतं, ते थांबलं की कुणाची तरी दुचाकी किका खाऊनही सुरू होत नाही. म्हणून धडा बोलून भरायचा असला की ही पलंगावर बसून डोक्यावरून दोन जाड चादरी घ्यायची. सोलापूरचा उन्हाळा, वर सोलापूरची चादर, आणि आतून आवाज, "तर मुलांनो, आता आपण घाबरायचं नाही." धडा संपला की तंबूतून घामानं निथळलेली, लालबुंद मूर्ती बाहेर यायची आणि पहिला प्रश्न, "काकू, शेवटचं उदाहरण कळलं का गं तुला?" मला! गुणाकार हिला माझ्या मांडीवर बसून आलाय.

तिची आणखी एक तऱ्हा म्हणजे 'उलटं सांग'. वेबसाइटवर उत्तर मिळालं की मुलाला पुढचा प्रश्न टाकता येत नसे. आधी मिळालेलं उत्तर, घरात धाकट्या भावंडाला सांगावं तसं, आपल्या बोलीत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहून टाकायचं. मग दार उघडायचं. मुलं तेलुगू मिसळून लिहीत, कानडी मिसळून लिहीत, एकानं तर पायथागोरसचा नियम अस्सल दखनीत लिहिला होता. ही ते सगळं वाचून दाखवत घरभर नाचायची. जाऊ खाली येऊन सांगायची, "अक्का, आज कर्नाटकातनं पण पोरं आली म्हणे." मी म्हणायची, "हो का? छान." आणि फळ्यावरचं काहीच चुकलेलं नसताना खसाखसा पुसायची.

कारण माझ्या क्लासातली पोरंही तिकडं जायला लागली होती. वह्या मिटता मिटता कुणीतरी हळूच म्हणे, "बाई, हे 'विचार की'वर दुसऱ्या रीतीनं दिलंय." एका मुलाची आई जिन्यात थांबून म्हणाली, "बाई, तुमच्याच घरात फुकट मिळतंय म्हटल्यावर..." आणि पुढचं वाक्य तिनं पदरानं पुसलं. पण खरं सांगायचं तर पोरं जाण्यापेक्षा मला दुसरंच लागलं होतं. सुरुवातीला पुतणीनं मला एकदा विचारलं होतं, "काकू, भूमिती तू घे की." मी तोऱ्यात म्हटलं होतं, "फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, बाळा." तिनं मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं होतं, दोनदा तरी विचारेल. आपल्याकडं पाहुण्याला चहासुद्धा दोनदा विचारतात. पहिला नकार हा नकार नसतोच, हे या शहाण्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

मग मी जे केलं ते माझ्या वयाच्या बाईला शोभणारं नव्हतं. मी खोटं नाव घेऊन 'विचार की'वर विद्यार्थिनी झाले. नाव सुनीता. दहावी. आई टॉवेलला शिलाई मारते, राहायला पूर्व भागातल्या विणकर वस्तीत, असंही लिहून ठेवलं. आजच्या काळात दहावीच्या वर्गात सुनीता नावाची मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या शाळेच्या वेळी वर्गात पाच होत्या. बेत एवढाच होता की असा प्रश्न टाकायचा की बाईसाहेबांची तारांबळ उडावी. मी विचारलं, वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून दोनच स्पर्शिका का निघतात? तिसरी का नाही?

तारांबळ उडाली. उत्तर आलं ते बरोबर होतं, पण गुंतलेलं होतं. मी मनात पेढा खाल्ला. पण पुढचा प्रश्न टाकून तिला आणखी चेपायचं तर आधी 'उलटं सांग' आलं की! मी लिहिलं, "गोल टाकीच्या बाहेर उभं राहा आणि दोरी ताण. डावीकडून चाटून जाते ती एक, उजवीकडून चाटून जाते ती दुसरी. या दोघींच्या मधे धरलीस तर दोरी टाकीला कापून जाते, बाहेर धरलीस तर टाकीला शिवतच नाही. मग तिसरीला जागा कुठाय?" लिहिताना माझं मलाच नवल वाटलं. क्लासात मी हे असं कधीच सांगितलं नव्हतं. तिथं पोर्शन संपवायचा असतो.

आणि मुलं सुनीतावर लुब्ध झाली. तिलाच प्रश्न येऊ लागले. "सुनीता, समरूप त्रिकोण सांग ना." "सुनीताताई, तुझ्यासारखं सांग." वर आरडाओरडा, "काकू, एक मुलगी आलीये बघ, लई भारी सांगते!" खाली माझ्या क्लासात तर कहर झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मला शांतपणे सांगितलं, "बाई, राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा सुनीता सोपं सांगते." आता या दुःखाला नाव काय द्यायचं? सवत असती तर वेणी तरी ओढली असती. मी स्वतःच जन्माला घातलेल्या पोरीवर जळत होते, आणि रोज दुपारी तिच्याच नावानं अधिक सोपं, अधिक सुंदर लिहीत होते.

एप्रिलात पुतणीनं सुनीताला निरोप पाठवला, तुला भेटायचंय, पत्ता कळव. मी घाबरून गप्प बसले. उत्तर नाही, प्रश्न नाही. मला वाटलं, विसरेल. ही कसली विसरते! सोलापूरच्या त्या रणरणत्या उन्हात आईची स्कूटी काढून ती पूर्व भागात हिंडू लागली. जिथं टॉवेलांचे ढीग दिसतील त्या दारात थांबायची. "इथं दहावीतली सुनीता राहते का हो?" एका आजीनं म्हणे तिला ताक पाजलं आणि तेलुगूत बरंच काही समजावलं, त्यातलं हिला 'ऊन' एवढंच कळलं. संध्याकाळी ही माझ्या क्लासाच्या पायरीवर येऊन बसली. नाक सोललेलं, ओठ सुकलेले.

"असं एकदम गप्प बसली म्हणजे काहीतरी झालंय, काकू. दहावी झाली, आता शाळा सोडून शिलाईला बसवली असणार. नाव बघ की, सुनीता! नक्की आजीचं ठेवलेलं. अशा घरातली मुलगी तोंड उघडून मदत मागणार नाही. मी अकरावीच्या प्रवेशाचं बोलून ठेवलंय तिच्यासाठी. उद्या पुन्हा जाते."

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"का गं?"

"सुनीता नाहीये तिथं. ती मी आहे."

"काकू, चेष्टा नको. डोकं आधीच दुखतंय माझं."

मी सुनीताचं खातं उघडून फोन तिच्या हातात दिला. तिनं ते वरपासून खालपर्यंत चाळलं. असं का केलंस, या प्रश्नाची उत्तरं मी तयार ठेवली होती. काही खरी, काही बरी. तिनं ते विचारलंच नाही. रागावली असती तरी चाललं असतं, मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे, ती नाहीच?" आणि ओढणीनं डोळे पुसले. "शिलाई मारून मारून तिची बोटं दुखत असतील असं वाटायचं मला." मी पाणी आणून दिलं, ते प्यायली. जिन्यापाशी गेल्यावर वळून म्हणाली, "सुनीताला बंद करू नकोस हं, काकू. पोरं वाट बघत असतात."

आता ती पुण्याला नोकरीला आहे. तिथून 'विचार की' बघते. इथं दुपारी क्लास रिकामा असतो, तेव्हा मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिते. खाली नाव सुनीताचंच असतं, आभार तिचेच मानले जातात. पुतणीचा फोन येतो तेव्हाही पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणते आपली सुनीता?" माझ्या गुडघ्याची विचारपूस त्यानंतर. मी सांगते, मजेत आहे. फोन ठेवल्यावर मात्र उगाच वाईट वाटतं. त्या सुनीताचा मला अजून हेवा वाटतो. मला शोधत असं उन्हातून, दारोदार, कुणी कधी फिरलेलं नाही.