आपण बांधलेला रस्ता

अमेरिकेतला एक अख्खा इंटरस्टेट नुसतं बोलून बांधणारा माणूस मी पाहिला आहे. सरकार, ठेकेदार, डांबर, रोलर वगैरे गोष्टी नंतर आल्या असतील. पण आमच्या कॅरी गावाला वळसा घालून जाणारा महामार्ग आधी माझ्या रूममेटच्या मावशीच्या यजमानांच्या तोंडून निघाला आणि मगच जमिनीवर उतरला, याबद्दल निदान त्यांच्या मनात तरी शंका नव्हती. कोणालाही वाटेल, गृहस्थ सिव्हिल इंजिनिअर असतील. मुळीच नाही. काका भूलतज्ज्ञ. सारं आयुष्य त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना झोपवण्यात घालवलं आणि निवृत्त झाल्यावर रस्त्याचा इतिहास सांगून तेच काम फुकट चालू ठेवलं. दिवाळीच्या फराळाला त्यांच्या शेजारची खुर्ची कायम एखाद्या नवख्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येई. "पूर्वी इथे नुसती तंबाखूची शेतं होती बरं का," हे वाक्य कानावर पडलं, की जाणती मंडळी चिवड्याची वाटी उचलून दुसऱ्या खोलीत जात.

मी नाशिकहून इथे शिकायला आले ती घरून पत्रकांचं वळण घेऊन. वडिलांच्या चळवळीतली उरलेली पत्रकं आमच्याकडे पोळ्यांच्या डब्याच्या तळाशी घालायची पद्धत होती, त्यामुळे जुलमाचा निषेध मी तेलाच्या डागांतूनच वाचायला शिकले. आणि येऊन पडले अशा देशात, जिथे कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मोटार काढावी लागते आणि पायी चालणाऱ्या माणसाकडे पोलीस संशयाने बघतात. त्यात हे काका. मी दारात दिसले, की ते आरामखुर्चीतून म्हणत, "या पुढारी! आज कोणाचा निषेध?"

"तुमच्या रस्त्याचा."

"आपल्या! आपल्या रस्त्याचा म्हण."

या 'आपल्या'वर काकांची सारी भिस्त होती. "आपण पहिला टप्पा विमानतळापर्यंत नेला. मग आपल्याकडचे पैसे संपले. मग आपण जरा थांबलो, आणि पुढच्या टप्प्याला टोल लावला." ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सकाळी हॉस्पिटलात जाण्यापूर्वी दोन घमेली खडी टाकून जात असणार. प्रत्यक्षात काकांनी त्या रस्त्याला मतांखेरीज काहीही पुरवलं नव्हतं. पण त्यांचं पंचांगच त्या रस्त्याचं होतं. घर घेतलं ते पहिल्या टप्प्याच्या आधी, मुलगा झाला तो उत्तरेकडचा पूल होताना, आणि तोच मुलगा टेक्सासला निघून गेला तो टोलच्या वर्षी. "माझ्या कळा कधी सुरू झाल्या ते विचारा यांना," मावशी म्हणायच्या, "सांगता येणार नाही. पण त्या पुलावर डांबर कधी पडलं, ते विचारा."

एकदा पुढच्या टप्प्याचं काम कुठल्याशा ओढ्यातल्या दुर्मीळ शिंपल्यांसाठी अडलं. काका मूळचे मालवणचे, तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, जीव टाकणारे. पण त्या दिवसापासून त्यांनी शिंपल्यातलं काही खाणं सोडलं. "शत्रूला मी तोंड लावत नाही," असं ते अत्यंत गंभीरपणे सांगत. काम पुन्हा सुरू झालं तरी हा असहकार चालूच राहिला आणि मावशींना तिसऱ्यांचं सुकं एकटीनेच खावं लागलं. नवा रॅम्प उघडला, की पहिल्या सकाळी त्यावर आपली गाडी गेलीच पाहिजे, हा दुसरा नेम. एकदा गाडी कडेला घेऊन त्यांनी रॅम्पच्या कठड्यावर नारळ फोडला आणि मागून निळे दिवे लावत पोलीस आला. काकांनी त्याला आधी खोबऱ्याचा तुकडा दिला आणि मग पहिल्या टप्प्यापासून इतिहास सांगायला घेतला. पोलिसाने दंड न करता पळ काढला. भूल पूर्ण चढण्याआधी निसटलेला तो एकमेव माणूस असावा. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र सुटका नव्हती. विमानतळापासून घर जवळ, पण काका त्यांना अख्ख्या रस्त्याची प्रदक्षिणा घडवून आणत. दोन रात्रींचा प्रवास करून आलेला तो जीव मागच्या सीटवर मान टाकून झोपलेला असे आणि पुढून आवाज येत राही, "हा जो कॉंक्रीटचा खांब दिसतोय ना..."

मी भांडायची. मी म्हणायची, काका, रस्त्याची रेषा गरिबाच्या घरावरून नेहमी सरळ जाते आणि गोल्फच्या मैदानापाशी आली, की तिला बरोबर वळण सुचतं. या देशात काळ्या लोकांच्या किती वस्त्या महामार्गाखाली गेल्या, ते वाचा. माझं बोलणं ते मन लावून ऐकत आणि म्हणत, "अगं, ती भूमिती असते. वळणाला कारण असतं. आणि तुझी ती लाडकी बस तरी कशावरून चालणार? आपल्याच रस्त्यावरून ना?"

मग रस्त्याचा शेवटचा विस्तार जाहीर झाला आणि लोकांची मतं ऐकायला एका शाळेच्या जिममध्ये सभा भरली. बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलांवर मोठाले नकाशे पसरलेले. काका लग्नघरात शिरावं तसे शिरले. नकाशावर बोट ठेवून ते नव्या रस्त्याच्या पिवळ्या पट्ट्यावरून पुढे सरकले, गोल्फच्या मैदानाला वळसा घालून डौलात वळले, आणि बोट थांबलं. पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध काका-मावशींचं घर होतं.

"इतकी वर्षं ज्याची वाट पाहिलीत, तो घरीच येतोय," मावशी म्हणाल्या. "काय करू, पान वाढू का त्याला?"

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. काकांचं नाव मीच नोंदवलं आणि त्यांना कोपऱ्यात घेऊन पढवलं. मैदानाच्या कडेने रेषा थोडी सरकवली तर घर वाचतं, एवढं एकच म्हणायचं. निर्णय अजून पक्का झालेला नाही, असं रस्तेखात्याची माणसंच सांगत होती. मावशींनी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाल्या, "घराचं बोला हं. दुसरं काही नको."

काका माईकसमोर उभे राहिले. आणि मराठीतलं 'आपण' घेऊन ते तसेच इंग्रजीत उतरले. "व्हेन वी बिल्ट द फर्स्ट फेज," ते म्हणाले, "वी हॅड नो मनी." सभागृहात खुर्च्या करकरल्या. "देन वी पुट द टोल." मागून एक बाई ताडकन उठली, "सो इट वॉज यू!" झालं. लोकांना वाटलं, खात्याचा कोणी बडा अधिकारी अखेर तावडीत सापडला. कोणी टोलबद्दल विचारलं, कोणी धुळीबद्दल, तर कोणी आईच्या घराच्या भरपाईबद्दल. "काका, घर! घराचं बोला!" मी ओरडत होते. पण प्रश्न विचारला गेला, की भूमिका सोडणं काकांना अशक्य. त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. धुळीबद्दल तर त्यांनी आपल्या सर्वांच्या वतीने माफी मागितली. शेवटच्या प्रश्नाच्या मध्येच वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. खरे अधिकारी पुढच्या रांगेत शांत बसले होते. त्यांतल्या एकाने बाहेर पडताना काकांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

परतताना गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवरून मावशींनी विचारलं, "आपण बांधला, आपण टोल लावला. त्या 'आपण'मध्ये मी होते का हो?"

काकांकडे प्रत्येक खांबाची माहिती होती. ते खिडकीबाहेर मागे पडणारे खांब बघू लागले. मला बोलायला पुष्कळ होतं, अख्खं पत्रक भरेल एवढं, पण मी गाडी घराकडे वळवली.

नंतर आम्ही अर्ज केले, सह्या गोळा केल्या, फोन केले. काकांनी गुडघेदुखी विसरून दारोदार फिरून सह्या आणल्या. रेषा हलली नाही. मैदानावर लोक गोल्फ खेळत राहिले, आणि काका-मावशी एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. आता ते कोणाला इतिहास सांगत नाहीत. चिवड्याची वाटी घेऊन सगळे त्यांच्याच खोलीत बसतात आणि मधूनमधून कोणीतरी मुद्दाम तंबाखूच्या शेतांचा विषय काढून पाहतं. "हो, होती," एवढंच ते म्हणतात. ज्या गप्पांतून सुटायला आम्ही धडपडायचो, त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून आता आमचीच खटपट चालते.

रस्ता सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी काका तिकडे फिरकले नव्हते. परवा डॉक्टरांकडून येताना मावशीच म्हणाल्या, "ने गं त्यावरून. बघू तरी." दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या उंच भिंती, सगळ्या एकसारख्या. झाड नाही, वळण नाही, खूण म्हणून काही नाही.

"कुठे होतं हो आपलं घर?" मावशींनी काचेला कपाळ टेकवून विचारलं.

"थांब, आता येईल," काका म्हणाले.

पुढचं एक्झिट आलं. मी वळून पुन्हा उलट दिशेने निघाले. मावशींनी चष्मा पुसून घातला. काका या भिंतीकडे, त्या भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा एक्झिट आलं.

"गेलं का?" मावशी म्हणाल्या.

"गेलं असेल."

मागचा ट्रक हॉर्न वाजवून आम्हाला ओलांडून गेला. मग काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "फार जोरात जातो गं हा रस्ता."

मी तर केव्हाची सगळ्यांत हळू लेनमध्ये होते.