कोमट पाण्यात भाजलेले पाय

"टोचलं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तुम्ही अजून टोचलंय कुठे?" मी म्हटलं.

त्यांनी मला उठून बघायला सांगितलं. माझ्या डाव्या घोट्याजवळ, जिथं कातडी शाबूत राहिली होती, तिथं सुई रुतलेली होती. तिच्या बाजूला रक्ताचा थेंब आला होता. मला काहीच कळलं नव्हतं.

"याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात," त्या म्हणाल्या. "वाढलेल्या साखरेनं नसा मेल्या. पाय तुमच्या अंगाला आहेत, पण तुम्हाला काही सांगत नाहीत. म्हणून कढत पाणी पडलं तरी तुम्ही बसून राहिलात."

माझे यजमान पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. पाणी त्यांनीच ओतलं होतं. ते वॉर्डाबाहेर निघून गेले.

ही दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. आमचं घर शहापूरजवळ सापगावात. मी अंगणवाडी सेविका. पाड्यावरच्या पोरांची वजनं करायला, गरोदर बायकांना भेटायला रोज चढ चढायची. चाळिशी ओलांडली तेव्हा दोन्ही गुडघे गेले. खाली बसले की उठताना भिंत धरायची. कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगितला, म्हणजे सांध्यातली गादी झिजली. ते म्हणाले, "कोमट पाण्यात बसून व्यायाम करा. पाण्यात वजन कमी लागतं, गुडघा मोकळा होतो."

साखर मला आधीपासून होती. गोळी चालू होती. पण माझे पाय हातात घेऊन कोणत्याच डॉक्टरांनी बघितले नव्हते. कापसावर चालल्यासारखं वाटायचं, चप्पल पायातून सुटलेली कळायची नाही. मला वाटे, गुडघ्यांमुळेच होत असेल.

कोमट पाण्यात बसायला आमच्याकडे जागा कुठली? हे वाशिंदच्या कारखान्यात फिटर. मुरबाडकडे एका मुंबईवाल्याच्या फार्महाऊसवर जुना फायबरचा टब काढून टाकला होता. गोल, आत बसायला कट्टा, पाणी घुसळायची मोटार बिघडलेली. ह्यांनी तो टेम्पोत घालून आणला. मागच्या पडवीत विटांवर बसवला. मोटार काही चालली नाही, पण शेजारी बंब ठेवून पाणी तापवायची सोय झाली. आळीतल्या बाया बघायला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता हिला राणीवानी आंघोळ." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

तरी सांगते, गुण आला. पाण्यात पाय सरळ करायचे, दुमडायचे, सायकल चालवल्यासारखे फिरवायचे. काही आठवड्यांत मी भिंत न धरता उठायला लागले. पाड्यावरच्या पोरांना उचलून काट्यावर ठेवताना कळ येईना. ते दिवस फार चांगले गेले.

मग थंडी पडली. पाणी लवकर निवायचं. त्या सकाळी मी टबात कट्ट्यावर बसले होते, पाय समोरच्या बाजूला टेकवलेले. हे बंबाचं पाणी बादलीनं पायांच्या बाजूला ओतत होते.

"चटका नाय ना लागत गो?" त्यांनी विचारलं.

"कोमटच लागतंय. वता अजून."

त्यांनी अजून ओतलं. मला खरंच कोमट लागत होतं. पाणी फिरत मांड्यांपर्यंत आलं तेव्हा भाजलं आणि मी ओरडले. ह्यांनी मला काखेत धरून बाहेर काढलं. पाय लाल झाले होते. दुखत मात्र नव्हते. मी टॉवेलनं डावा पाय पुसला, तर साय निघावी तशी कातडी टॉवेलबरोबर निघून आली. मी ती हातात धरून बघत राहिले.

गावातल्या दवाखान्यात मलम लावून घरी पाठवलं. दुखत नव्हतं म्हणून सगळ्यांनाच वाटलं, थोडक्यात निभावलं. आठवडाभरात घरात वास सुटला. डाव्या पायाची बोटं काळी पडली. मग ठाण्याचं मोठं हॉस्पिटल, आणि ती सुई.

तिथं ड्रेसिंग करणारा माणूस भूल न देता जखम खरवडायचा. "तुम्हाला कुठं काय कळतंय, मावशी," असं म्हणत शेजारच्या वॉर्डबॉयशी क्रिकेटबद्दल बोलायचा. तो खोटं बोलत नव्हता. शेजारच्या पलंगावरची बाई किंचाळायची तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा.

उजवा पाय वाचला. डाव्याची आधी बोटं काढली. जखम भरली नाही. मग अर्धं पाऊल. तेही काळं पडलं. गँगरीन म्हणजे मांस कुजणं, आणि ते वर चढतं. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुडघ्याखालून कापू. गुडघा वाचवते. आणखी थांबलात तर तोही जाईल."

ज्या गुडघ्यासाठी हे सगळं केलं तो राहणार होता. मला हसू आलं. सिस्टरला वाटलं, माझं डोकं फिरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, "माझ्या पोराच्या मागं जन्माचं लावलंन हिनं. अंगाला पानी भाजतंय ते कलत नाय, अशी कोन बाय असते?" हे मान खाली घालून संत्रं सोलत होते. त्यांनी ते सगळं सोललं, शिरासुद्धा काढल्या, आणि मला द्यायचं विसरून खिडकीत ठेवलं.

पाय गेल्यावर दुखायला लागला. हे कुणी सांगितलं नव्हतं. नसलेली बोटं जळायची, नसलेली टाच कढत पाण्यात बुडवल्यासारखी व्हायची. डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, फँटम पेन. अवयव जातो, पण मेंदूतली त्याची जागा जात नाही. होता तेव्हा जो पाय मुका होता, तो नसताना रात्रंदिवस बोलत होता. गोळ्यांनी सहा-आठ महिन्यांत ते दुखणं कमी झालं. पूर्ण गेलेलं नाही.

घरी आले तर पडवी रिकामी होती. ह्यांनी टब पहारीनं फोडून टाकला होता. मी रडले ती तेव्हा. पायासाठीही इतकी रडले नव्हते. अंगणवाडीच्या ऑफिसातल्या बाई केळी घेऊन आल्या आणि माझ्या जागी दुसरी नेमतायत हे सांगून गेल्या. हे कारखान्यातून येत, जेवत, ओट्यावर बसत. माझ्याकडे बघत, पण कंबरेच्या खाली बघत नसत.

जखम पूर्ण भरल्यावर फिजिओथेरपिस्टनं पुन्हा पाण्यात व्यायाम सांगितला. उजव्या गुडघ्यावर आता दुप्पट भार होता. आमची मुलगी आता हाताशी आली होती; तिच्या मदतीनं मी गवंडी बोलावला आणि पडवीत सिमेंटचं टाकं बांधून घेतलं.

तुमच्यापैकी कुणाला साखर असेल आणि घरात असा टब असेल, तर माझं ऐका. पाणी आधी भरायचं, दुसऱ्यानं त्यात कोपर बुडवून बघायचं, मगच तुम्ही उतरायचं. आत बसल्यावर गरम पाणी एक तांब्याही घालायचं नाही. उपाशीपोटी उतरू नका, एकटे उतरू नका, गरगरलं की लगेच बाहेर. निघाल्यावर तळपाय आरशात बघा. आणि पाय बधिर आहेत का, हे पाण्यात जाण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मला ते कुणी सांगितलं नाही.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. कापलेला पाय पाण्यात आपोआप वर येतो. खाली पाऊल नाही, ओझं नाही. बुचासारखा तरंगतो आणि आपला तोल जातो. दुसऱ्या माणसानं तो दाबून धरला तरच व्यायाम होतो. मुलगी धरायची.

एका रविवारी ती आसनगावला मैत्रिणीकडे गेली होती. मी टाक्यात एकटीच कठड्याला धरून झगडत होते. हे दारात उभे होते. कितीतरी वेळ तसेच. मग बाह्या वर करून आले, कोपर पाण्यात घातलं, आणि त्या पायाला पहिल्यांदाच हात लावला.

"जास्त दाबलं तर सांग."

"माझ्या सांगन्यावर जाऊ नका," मी म्हटलं. "तुमी बघत ऱ्हावा."

त्यांनी मान हलवली. मग खाली वाकून पाण्यातल्या त्या पायाकडे ते बघत राहिले.